खंडेनवमीची चिंच आणि चिलखतावरचे सोने

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे नीटनेटके केले आहे.)



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी बोलायचे असे संयोजकांनी ठरवले. आपल्या डॉक्टर मित्राने हृदयाविषयी सांगून सगळ्यांना घाबरवले, बँकेतल्या मैत्रिणीने मृत्युपत्राविषयी सांगून उरलेसुरले घाबरवले. माझा विषय तसा निरुपद्रवी आहे. नोकरीची तीसेक वर्षे मी संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत जुन्या धातूच्या वस्तू टिकवण्यात घालवली. आमची आई शेजारणीला सांगायची, "पोरगा मुंबईला मोठ्या हापिसात भांडी घासतो." तिला मी कितीदा सांगितले, की अगं, न घासणे हेच माझे काम आहे. तिला ते शेवटपर्यंत पटले नाही. आज तुम्हाला पटवून बघतो.

मी बोलणार आहे चिलखतांविषयी. नगरकराला चिलखत म्हटले की पहिल्यांदा रणगाडा आठवतो. साहजिक आहे. भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आपल्या गावात आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. शाळेची पोरे तिथे सहलीला जातात, रोल्स रॉइसची जुनी चिलखती गाडी बघतात, पाकिस्तानचा पॅटन रणगाडा बघतात आणि बाहेर येऊन भेळ खातात. पण लोखंडाचे कवच घालून लढायला जाणारी माणसे या गावाने रणगाड्यांच्या फार आधी पाहिली आहेत. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून किल्ल्याची भिंत पाडली, तेव्हा चांदबीबी चेहऱ्यावर पडदा, अंगात चिलखत आणि हातात नंगी तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली, असे इतिहासकार सांगतात. आपल्याला हा धडा बाईंनी शिकवला होता. परीक्षेत 'चांदबीबीचे शौर्य थोडक्यात लिहा' असा प्रश्न असे आणि आपण थोडक्यातच लिहीत असू. ते चिलखत कसे असेल, ते कोणी केले असेल, हा प्रश्न काही परीक्षेत आला नाही.

तेव्हाची चिलखते इराणी धाटणीची होती आणि त्यांची नावेही तिकडचीच. १४९० मध्ये मलिक अहमदने हे शहर वसवले. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह याच्या दरबारी इराणहून आलेले शाह ताहिर होते, आणि त्यांच्या प्रभावाने बुऱ्हाणने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. तिकडून विद्वान आले, शिपाई आले, कारागीर आले. इथे लोहार होते, तांबट होते, सोनार होते. या सगळ्यांच्या हातांतून जे निघाले त्याला आज जगभरची संग्रहालये भारतीय-इराणी शस्त्रकला म्हणतात.

ही नावे आपल्या घरात आजही आहेत, फक्त आपल्याला ठाऊक नाही. 'जिरेटोप' घ्या. त्यातले जिरे फोडणीचे नव्हे. फारसीत 'जिरह' म्हणजे कड्या गुंफून केलेले चिलखत. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी अशा चार पोलादी पत्र्यांच्या कवचाला 'चार-आईना' म्हणतात. आईना म्हणजे आपला ऐना, आरसा. चार आरसे अंगावर बांधल्यासारखे दिसायचे म्हणून ते नाव. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात झाकतो तो 'दस्ताना'. पोलादावर सोने ठोकून बसवायची कला ती 'कोफ्तगरी'. फारसीत कोफ्तन म्हणजे कुटणे, ठोकणे. आज जेवणात मलई कोफ्ता आहे असे ऐकतो; तो आणि ही कोफ्तगरी एकाच आडनावाचे.

आता हे बनवत कसे ते सांगतो. साधी कड्यांची जिरह घेऊ. आधी लोखंडाची तार ओढायची, सोनार जंतरातून ओढतात तशी. ती सळईवर गुंडाळायची आणि कापायची, म्हणजे कड्या सुटतात. प्रत्येक कडीची दोन टोके चपटी करून एकावर एक आणायची, त्यांत भोक पाडायचे आणि मोहरीएवढी खिळी घालून ती ठोकून बंद करायची. प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या अडकवायच्या. एका अंगरख्याला साधारण वीस-तीस हजार कड्या लागत. आपल्याकडचे कारागीर हुशार. ते एक ओळ खिळीच्या कड्यांची आणि एक ओळ अखंड, सांधाच नसलेल्या कड्यांची घेत. निम्मी ठोकाठोक वाचे आणि चिलखत दुबळेही होत नसे. छातीवर आणि पाठीवर या कड्यांतच लहान लहान पत्रे कौलांसारखे एकावर एक बसवत, त्याला जिरह-बख्तर म्हणतात.

अशा अंगरख्याचे वजन आठ-दहा किलो सहज भरते. तो उघड्या अंगावर घालत नसत. आत कापूस भरून टाचलेला जाड अंगरखा लागे. कडी तलवारीची धार अडवते, पण घावाचा धक्का अडवत नाही. तो धक्का कापूस पितो. अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. बाहेरून काही दिसू नये इतके ते अंगाबरोबर बसणारे हवे. चिलखत करणारा अर्धा लोहार असेल तर अर्धा शिंपी असावा लागे.

आता नक्षीकडे येतो. मला नेहमी विचारतात, "लढाईच्या वस्तूवर एवढी फुले-वेली कशाला?" मी त्यांना ढाल दाखवतो. ढालीच्या पुढच्या बाजूला चार फुगीर फुले असतात, कधी पितळेची, कधी सोन्याचा मुलामा दिलेली. नवखा माणूस म्हणतो, छान शोभा आहे. ढाल उलटी केली की कळते, की आतल्या मुठीच्या आणि मनगटाखालच्या गादीच्या कड्या ज्या खिळ्यांनी धरल्या आहेत, त्यांची पुढची तोंडे या फुलांखाली झाकलेली आहेत. फूल काढले तर खिळा उघडा पडेल. टोपाचे तसेच. मधे लोखंडी अणी, कपाळावर तुरे खोचायच्या नळ्या, नाकावर वरखाली सरकणारी पट्टी. ही पट्टी स्क्रूने पक्की करायची, म्हणजे नाक वाचते. तिची दोन्ही टोके कारागीर पानासारखी रुंद करतो. ती पाने सुंदर दिसतात, आणि पट्टी खोबणीतून निसटू नये म्हणूनही ती असतात. शोभा वरून चिकटवलेली नसते. जिथे सांधा आहे, जिथे कड आहे, तिथेच कारागिराने नक्षीला जागा दिलेली असते.

कोफ्तगरीत हेच आणखी बारीक होते. पोलादाचा पृष्ठभाग आधी बारीक छिन्नीने आडव्या-उभ्या रेघांनी खरवडून घेतात, किसणीसारखा. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक रेघा. मग केसासारखी सोन्याची तार वेलीच्या आकारात वळवत त्यावर ठेवायची आणि हलक्या हातोडीने ठोकत जायची. त्या खरखरीत दातांत सोने रुतून बसते. मग तापवायचे आणि अकीकाच्या दगडाने घोटायचे. तापवल्यावर पोलाद गर्द निळे होते आणि त्यावर सोने उठून दिसते. यापेक्षा टिकाऊ प्रकार म्हणजे तहनिशान. त्यात चर खोदून, चराचा तळ तोंडापेक्षा रुंद ठेवून, त्यात तार ठोकून बसवतात. कोफ्तगरीतले सोने मात्र पृष्ठभागावर, कागदाहून पातळ असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि खालचे पोलादही साधे नसायचे. दक्षिणेत मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कोळसा तासन्‌तास तापवून, सावकाश थंड करून पोलादाच्या वड्या करत. आजच्या तेलंगणात निजामाबादजवळ कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तिथले पोलाद न्यायला थेट इराणचे व्यापारी येत. या पोलादाला ठोकून आकार दिला आणि हिराकशीसारख्या द्रावणाने चाटवले, की त्यावर पाण्याच्या लाटांसारखी रेखा उमटते. तिला जौहर म्हणतात. दमास्कसची तलवार म्हणून जिची ख्याती, तिचे पोलाद बऱ्याचदा आपल्या बाजूचे असे. ही जौहरही पृष्ठभागाची गोष्ट आहे. घासली, की जाते.

कारागिरांची नावे विचाराल, तर बहुतेकांची गेली. चिलखतावर बादशहाचे नाव सापडते, धर्मग्रंथातली वचने सापडतात, राजपूत चिलखतांवर देवदेवता सापडतात. करणाऱ्याचे नाव क्वचितच. याला आपल्या नगरने एक झकास अपवाद घालून दिला आहे. विजापूरची मुलुखमैदान तोफ तुम्ही पाहिली असेल. ती विजापूरची नव्हे. १५४९ मध्ये ती नगरला ओतली. चौदा फुटांहून लांब, सुमारे ५५ टनांची, तोंड सिंहाच्या जबड्याचे आणि त्या जबड्यात हत्ती. पुढे ती परांड्याला आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. तिच्यावर बुऱ्हाण निजामशाहाच्या नावाबरोबर ओतणाऱ्याचेही नाव आहे: मुहंमद, रूमी, म्हणजे तुर्कस्तानकडचा. पुढे औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर तिच्यावर आपला लेख कोरून घेतला, पण मुहंमदाचे नाव काही खोडले नाही.

दख्खनची पुष्कळ चिलखते दख्खनच्या बाहेर गेली, आणि म्हणूनच वाचली. सतराव्या शतकाच्या अखेरीस आदोनीचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा बिकानेरचे महाराज अनूपसिंह त्या फौजेत होते. तिथल्या शस्त्रागारातली चिलखते त्यांनी बिकानेरला नेली. त्या चिलखतांच्या पत्र्यांवर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली देवनागरी अक्षरे आहेत, शस्त्रागाराच्या नोंदीची. वाळवंटातली कोरडी हवा, आणि शस्त्रागारातून कोणी बाहेर काढले नाही. त्यामुळे दख्खनच्या चिलखतांचा अभ्यास करायला आज बिकानेरच्या खुणा वाचाव्या लागतात.

मग आपल्याकडची गेली कुठे? आपल्या फौजांत शिलेदार असत. घोडा त्यांचा, शस्त्र त्यांचे, म्हणजे चिलखतही घरचे. भातवडी इथलीच, जिथे १६२४ मध्ये मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. खर्डा इथलाच, १७९५ च्या लढाईचा. लढाया संपल्यावर शिलेदार घरी आले आणि चिलखत खुंटीला टांगले. १८१८ नंतर तर ते उतरवायचे कारणच उरले नाही. म्हणून नगर जिल्ह्यातल्या वाड्यांत, माळ्यावर, देवघराशेजारच्या कोनाड्यात अजून काही ना काही निघते. एखादा दस्ताना, जाळी तुटलेला टोप, ढाल. चिलखत करणाऱ्यांचे कामही तेव्हाच संपले. कोणी साहेबांच्या घरासाठी तबके आणि पेट्या करू लागले. कोणी दिखाऊ चिलखते केली: कड्यांना खिळीच नाही, नुसती टोके जुळवलेली, पण लोखंड, पितळ आणि तांब्याच्या कड्यांची चौकटनक्षी मात्र फार सुरेख. शस्त्रांना पाणी आणि चकाकी देणारे ते शिकलगार. आपल्याकडे ते सुऱ्या-कात्र्यांना धार लावू लागले, कुलपे-किल्ल्या करू लागले. उदयपूरला त्यांच्यातलीच काही कुटुंबे आजही कोफ्तगरी करतात. आपल्या गल्लीत सायकलवर चाक बांधून धार लावायला येणाऱ्या चाचांना आपण कधी विचारले नाही, की तुमचे पणजोबा कशाला धार लावत.

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातल्या एका घरातून मला बोलावणे आले. घर सुशिक्षित, माणसे अगत्याची. घरातले काका म्हणाले, "साहेब, आमच्या पूर्वजांचा टोप आहे. मुलीच्या लग्नात दर्शनी भागात ठेवला होता. एकदा बघा." टोप बघितला. आरशासारखा चमकत होता. मी विचारले, "काका, हा आधी असाच होता का हो?" ते म्हणाले, "छे, पार काळा पडला होता. दर खंडेनवमीला चिंच आणि राख लावून आम्ही घासायचोच. लग्नाच्या वेळी म्हटलं एकदाच नीट करू, म्हणून वर्कशॉपमध्ये नेऊन बफ मारून घेतला."

मी भिंग लावले. टोपाच्या कडेने दोन बोटे रुंदीचा एक पट्टा होता. त्यात किसणीसारख्या बारीक आडव्या-उभ्या रेघा होत्या आणि बाकी काही नव्हते. एका खिळ्याच्या आडोशाला, जिथे बफाचे चाक पोचले नव्हते, तिथे तिळाएवढे सोने होते. काळा पडला होता तो रंग म्हणजे कदाचित कारागिराने दिलेला निळा होता. काकांनी विचारले, "काय म्हणतो टोप?" मी म्हणालो, "चांगल्या हाताचा आहे, काका. आता याच्यापुढे कोरड्या कापडाशिवाय काही लावू नका." काकांनी थोडा वेळ भिंग स्वतः हातात घेऊन तो तिळाएवढा ठिपका बघितला. मग म्हणाले, "म्हणजे हे सगळं असं होतं?" मी हो म्हणालो. तिथे जास्त बोलण्यासारखे नव्हते. त्यांनी केले ते प्रेमानेच केले होते. वाईट याचेच वाटते, की या वस्तूंचे सर्वांत मोठे नुकसान त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या हातून होते. चोर निदान वस्तू जपून नेतो.

खंडेनवमीची शस्त्रपूजा करू नका असे मी सांगत नाही. पूजा करा. फुले वाहा, पण ओले हळद-कुंकू पोलादावर लावू नका, शेजारी पाटावर लावा. ओल आणि मीठ हे लोखंडाचे वैरी, म्हणून घामट हातानेही धरू नका, सुती हातमोजे घाला. चिंच, लिंबू, राख, विटेची भुकटी, पॉलिश कागद, तारेचा ब्रश यांतले काही नको. मऊ कुंचल्याने धूळ झाडा, कोरड्या सुती कापडाने टिपा. साध्या पोलादावर, जिथे सोने नाही, मखमल नाही, तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवला तर चालतो. आतली मखमल, गादी, चामडे कितीही मळके असले तरी फाडून काढू नका. ते मूळचे असू शकते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. चिलखत खुंटीला टांगू नका. त्याच्या स्वतःच्या वजनाने खांद्यावरच्या कड्या ताणून तुटतात. सपाट ठेवा. कडी तुटून पडली तर जोडू नका, पण फेकूही नका. कागदात बांधून शेजारीच ठेवा.

आणि दोन कामे मोबाइलने होण्यासारखी आहेत. एक, सगळ्या बाजूंनी छायाचित्रे काढा, आतल्या बाजूची आधी. खुणा, अक्षरे, ठिपके आत असतात. दुसरे, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून त्या वस्तूची हकिगत विचारून लिहून ठेवा. हकिगतीत अतिशयोक्ती असेल, असू द्या. विकायला कोणी दारात आला तर लक्षात ठेवा, की शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ठेवायला जागा नसेल, पुढच्या पिढीला आवड नसेल, तर भंगारवाल्याच्या आधी आपल्या शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जाऊन विचारा.

आपल्या वर्गातले निम्मे लोक बाहेरगावी आहेत. गावाकडचे वाडे विकायला निघालेत, काहींचे सौदे झालेत, हे काल रात्रीच्या गप्पांत मी ऐकले. वाडा विकताना लाकूड मोजतात, दगड मोजतात, माळ्यावरचे लोखंड किलोवर जाते. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर असे लोखंड असेल, तर सौद्याच्या आधी मला एक फोन करा. नंबर संयोजकांकडे आहे. मी एसटीने येईन. फी नाही, चहा पुरे. वस्तू दिखाऊ निघाली, बाजारातली निघाली, तरी माझी फेरी फुकट गेली असे मी समजणार नाही. आपल्या चित्रकलेच्या सरांनी आपल्याला शिकवले होते, की काढायला लागण्याआधी बघायला शिका. सर समोर बसले आहेत. सर, मी अजून तेवढेच करतो.

साडेबारा वाजले. कोफ्ता थंड होईल. यंदाची खंडेनवमी जवळ आली आहे, तेव्हा घरी गेल्यावर आधी चिंच लपवून ठेवा.